आधी चार स्क्रू काढा: जुन्या फेंडरचं साल कसं वाचायचं

गिटार टेबलावर ठेवली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नंबर बघून साल सांगाल का?" पूर्वी मी लगेच सांगायचे. एका गृहस्थांना तर कागदावर ‘स्ट्रॅटोकास्टर, १९६३’ असं लिहून, खाली सही ठोकून दिलं होतं. दोन वर्षांनी तो कागद गिटारसकट माझ्याच टेबलावर परत आला. तेव्हापासून मी नंबर सगळ्यात शेवटी वाचते. त्या कागदाचं काय झालं ते पुढे येईलच. पण ते समजायला फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कारखान्यात सामान कसं यायचं, कुठे पडून राहायचं आणि कुठल्या क्रमाने वापरलं जायचं हे आधी माहीत हवं. खरी मेख तिथे आहे.

इथे लिहिलंय ते मुख्यतः स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या फेंडरच्या दोन इलेक्ट्रिक गिटारींबद्दल. हत्यारं फार लागत नाहीत. फिलिप्स टोकाचा दोन नंबरचा चांगला स्क्रूड्रायव्हर, पिकगार्डच्या (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पाटीच्या) बारक्या स्क्रूंसाठी एक नंबरचा, भिंग, टॉर्च, मऊ फडकं आणि फोटो काढायला फोन. स्क्रूड्रायव्हरचं टोक झिजलेलं असेल तर नवा आणेपर्यंत थांबा. साठ वर्षांच्या स्क्रूची खाच एकदा तुमच्या हातून बुजली, की पुढचा प्रत्येक माणूस ‘हिला कुणीतरी उघडलंय’ म्हणून संशय घेणार.

रेडिओवाल्याचं डोकं

लिओ फेंडर १९०९ साली कॅलिफोर्नियात, अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात जन्मला. शिकला हिशेबनिशी. १९३८ साली त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही, अगदी शेवटपर्यंत. मी त्याला एकेरी संबोधते त्याचं कारण एवढंच, की माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि रेडिओवाला माणूस मला परका वाटत नाही.

१९४५ मध्ये डॉक कॉफमन या जोडीदाराबरोबर त्याने मांडीवर ठेवून वाजवायच्या लॅप स्टील गिटारी आणि अँप्लिफायर बनवायला सुरुवात केली. वर्षभरात कॉफमन बाजूला झाला आणि लिओने स्वतःच्या आडनावाने कंपनी काढली. १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या भरीव लाकडाच्या गिटारी बाजारात आल्या. १९५१ ला प्रिसिजन बेस आणि १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर. ट्रेमोलोसकट (सूर लहरवायच्या दांडीसकट) तिची किंमत २४९.५० डॉलर होती.

या गिटारी बघताना दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं जागोजागी दिसतं. तेव्हाच्या नावाजलेल्या गिटारींचा नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब मान, बॉडीत सरसाने चिकटवलेला असायचा. वाकला, मोडला की मोठं काम. लिओने नेक चार स्क्रूंनी आवळला. बिघडला तर काढा, दुसरा लावा. टेलिकास्टरची नॉब आणि स्विचवाली पट्टी दोन स्क्रूंवर उभी आहे. स्ट्रॅटोकास्टरचे तिन्ही पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबकी भाग), पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), स्विच सगळं एका पिकगार्डवर लावलेलं, ते उचललं की अख्खं पोट हातात. रेडिओची मागची पाटी उघडतात तशी गिटार उघडता यावी, असाच हा सगळा बेत. त्यामुळे आपल्यालाही ती न फोडता वाचता येते. पण त्यातच मोठी अडचण आहे. जे चार स्क्रूंनी निघतं ते चार स्क्रूंनी दुसऱ्या गिटारला लागतंसुद्धा.

दुसरी गोष्ट मला वडिलांच्या दुकानातून कळली होती, फक्त गिटारच्या बाबतीत ती डोक्यात यायला फार वर्षं लागली. वडील पॉट, कंडेन्सर घाऊक आणायचे आणि खोक्यात ओतायचे. हाताला जे लागेल ते वापरायचं. तळाला पडलेला माल दोन-दोन वर्षं तसाच राहायचा. नवा माल आला की तो पुन्हा वरच. त्यांनी दुरुस्त केलेल्या एखाद्या रेडिओतल्या पॉटवरून तो कधी दुरुस्त झाला हे कुणी सांगू गेलं असतं तर वडील खो-खो हसले असते.

फेंडरचंही तसंच. नंबर ठोकलेल्या नेकच्या प्लेटा, म्हणजे बॉडीच्या मागे त्या चार स्क्रूंखाली बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या, खोक्यात पडलेल्या असायच्या आणि हाताला येईल ती लावली जायची. नंबर क्रमाने ठोकले गेले, पण गिटारींना ते क्रमाने लागले नाहीत. मोठा नंबर म्हणजे नंतरची गिटार, हा हिशेब म्हणूनच चालत नाही. आणि फेंडरमध्ये काही फुकट जायचं नाही. याचा सगळ्यात गमतीचा पुरावा १९५१ चा आहे. ग्रेच कंपनीचे ‘ब्रॉडकास्टर’ नावाचे ड्रम आधीपासून होते. त्यांनी हरकत घेतल्यावर फेंडरने ते नाव सोडलं. नवं नाव ठरेपर्यंत डिकॅल, म्हणजे गिटारवर चिकटवायची छापील नावं, फेकली का? छे! कामगारांनी कात्रीने ‘ब्रॉडकास्टर’ तेवढं कापलं आणि नुसतं ‘फेंडर’ चिकटवत राहिले. पुढे विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडलने टेलिकास्टर हे नाव दिलं. मधल्या त्या बिननावाच्या गिटारींना आज संग्राहक ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी जीव टाकतात. (२००२ साली ग्रेच घराण्याशी करार होऊन ग्रेच गिटारी बनवायचं आणि विकायचं काम फेंडरकडेच आलं. काळाचा न्याय म्हणतात तो असा.)

तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की करा. कुठल्याही सुट्या भागावरची तारीख ‘गिटार याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते. ‘याच सालची आहे’ असं कुठलाही एक भाग सांगत नाही.

उघडण्याआधी

आधी नुसतं बघा. माझा क्रम हेडस्टॉकपासून, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकापासून, खाली येण्याचा आहे.

स्ट्रॅटोकास्टरचं हेडस्टॉक १९६५ च्या अखेरीपर्यंत छोटं होतं, त्यानंतर मोठं झालं. हा बदल पंधरा फुटांवरूनही दिसतो. लोगोची अक्षरं बारीक, शेवयांसारखी असतील तर १९६४ पर्यंतचा काळ. मग काळ्या किनारीची जाड सोनेरी अक्षरं येतात आणि १९६८ पासून ठळक काळा लोगो. पण डिकॅल पाण्यात भिजवून चिकटवतात आणि नक्कल बाजारात सहज मिळते, तेव्हा लोगोवर माझी भिस्त सगळ्यात कमी.

फिंगरबोर्ड, म्हणजे नेकची बोटं दाबायची बाजू, मात्र बोलका असतो. सुरुवातीला नेक आणि फिंगरबोर्ड एकाच मेपलच्या तुकड्याचे होते. आतली लोखंडी सळई मागून घालून खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवत, म्हणून नेकच्या पाठीवर ती गडद रेघ दिसते. १९५९ पासून रोजवूडचा फिंगरबोर्ड आला. आधी त्याची खालची बाजू सपाट होती, जाड फळीसारखी. १९६२ च्या मध्यापासून तो खालून गोलाई दिलेला आणि पातळ झाला. नेक काढल्यावर टाचेकडून (बॉडीत बसणाऱ्या टोकाकडून) बघितलं की लाकडाच्या दोन थरांची सीमा सरळ आहे की कमानदार ते दिसतं. ही गोष्ट नंतर बदलता येत नाही, म्हणून तिला माझ्याकडे वजन जास्त. फिंगरबोर्डवरचे ठिपके १९६४ च्या अखेरीपर्यंत मातकट, मंद असत. त्यानंतर शिंपल्यासारखे चमकणारे आले.

बॉडीचं लाकूड स्ट्रॅटोकास्टरमध्ये १९५६ च्या मध्यापर्यंत अॅश, मग अल्डर. फिकट ‘ब्लाँड’ रंगाच्या गिटारी मात्र पुढेही अॅशच्याच. सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद) रंगात १९५८ पासून लाल छटा आली, पण सुरुवातीची लाल उन्हाने उडून जायची. त्यामुळे दोनच छटा दिसल्या म्हणून लगेच १९५८ च्या आधीची ठरवू नका. पिकगार्डखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे लाल शिल्लक असू शकते.

आता पिकगार्डचे स्क्रू मोजा. आठ असतील आणि प्लॅस्टिकचा एकच थर असेल तर १९५९ च्या आधीची पद्धत. अकरा असतील तर नंतरची. साठच्या सुरुवातीचं तीन थरांचं पिकगार्ड काळाबरोबर हिरवट पडतं. ते सेल्युलोजच्या जातीचं आहे, आक्रसतं आणि स्क्रूच्या भोकांपाशी तडकतं. शिवाय भुर्रकन पेटतं. त्याच्या आसपास तापलेली सोल्डरिंग इस्त्री आणूच नका.

नेक काढताना

तारा पूर्ण सैल करा. रोजच्या वापरातल्या तारा असतील तर पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सैल करा, म्हणजे खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत. ट्रेमोलो असलेल्या गिटारचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ओढीने बॉडीवर टेकेल, घाबरू नका.

गिटार मऊ फडक्यावर पालथी ठेवा, हेडस्टॉक अधांतरी राहील अशी. स्क्रूड्रायव्हर उभा धरून वरून भार द्या आणि मग फिरवा. चारही स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे सैल करा. निघालेले स्क्रू कागदावर, ज्या जागेचे त्या जागी ठेवा. नेक अडकला असेल तर पट्टी घालून उचकटू नका, त्याने खाचेच्या कडेचा रंग उडतो. नेक आणि बॉडी दोन्ही हातांत धरून अगदी हलकेच वर-खाली करा, सुटतो.

खाचेत पातळ पुठ्ठ्यासारखा तुकडा सापडला तर तो कचरा नव्हे. नेकचा कोन साधायला कारखान्यातच असे तुकडे घालत. तो कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो काढा आणि जपून ठेवा. मी सुरुवातीला असा एक तुकडा झाडून टाकला होता आणि मग तारांची उंची जुळवता जुळवता संध्याकाळ गेली.

आता नेकची टाच टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत इथे पेन्सिलने तारीख लिहिलेली असते, महिना आणि साल. काहींवर नेक घडवणाऱ्याची आद्याक्षरं असतात; ताडेओ गोमेझची ‘टीजी’ ही अक्षरं तर प्रसिद्धच आहेत. माणूस सही करतो तेव्हा काम आपलं मानतो, असं आपलं माझं मत.

१९६२ पासून रबरी शिक्का आला आणि त्याबरोबर एक गोंधळही. शिक्का असा दिसतो: २, मग ऑगस्टची तीन अक्षरं, मग ६३, मग बी. वाचणारा म्हणतो, २ ऑगस्ट १९६३. चूक! पहिला आकडा तारखेचा नाही, मॉडेलचा आहे. २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, पुढे तिचाच आकडा १३ झाला. शेवटचं ‘बी’ हे अक्षर नेकची नटपाशी (खुंट्यांकडे जाताना तारा टेकतात त्या पट्टीपाशी) रुंदी सांगतं: ए अरुंद, बी नेहमीची, सी आणि डी त्याहून रुंद. दुरुस्तीवाल्यांनीही २ ऑगस्टला वाढदिवस करावा इतक्या विश्वासाने ही तारीख सांगितलेली मी ऐकली आहे.

ही तारीखसुद्धा नेक घडल्याची, गिटार जुळवल्याची नव्हे. दोन्हींत काही महिने जाऊ शकतात. आणि १९७३ ते १९८१ या काळातल्या बहुतेक नेकांवर कामाची तारीख सापडतच नाही. नसली म्हणजे नेक खोटा असं नाही.

पिकगार्डखाली

स्क्रू काढा, पिकगार्ड हलकेच उचला आणि बाजूला कलतं करा. पूर्ण उलटं करायची घाई नको. एक वायर जॅककडे जाते, एक मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीकडे. दोन्ही आखूड असतात. टेलिकास्टर असेल तर नॉबची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की काम भागतं.

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. मग साल, मग वर्षातला आठवडा. एकूण सहा आकडे असतील तर सालाचा एकच आकडा, म्हणजे चाळीस किंवा पन्नासचं दशक. सात असतील तर सालाचे दोन. ३०४ ६३ २० असं दिसलं तर स्टॅकपोलने १९६३ च्या विसाव्या आठवड्यात बनवलेलं पॉट. अमेरिकन रेडिओच्या सुट्या भागांवरही हीच पद्धत असते, त्यामुळे आमच्या घरी हे आकडे नवे नव्हते.

इथे पुन्हा ते खोकं आठवा. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा भरला आणि तो १९६९ पर्यंत पुरला. त्या चार वर्षांतल्या कितीतरी गिटारींत १३७ ६६ ३३ हाच आकडा सापडतो. १९६९ ची गिटारही आत १९६६ बोलते. म्हणून पॉटवरून म्हणायचं ते इतकंच, की हे वायरिंग १९६६ च्या ऑगस्टआधीचं असू शकत नाही.

पॉटवरचा झाळकामाचा डागही बघा. न छेडलेला डाग मंद, धुरकट, सगळीकडे सारखा दिसतो. मधेच एखादा चकचकीत थेंब दिसला तर तिथे कुणाचा तरी हात लागलाय. पॉट बदललेलं असणं हा गुन्हा नाही. वाजणारी गिटार दुरुस्त होणारच. फक्त बदललेल्या भागाची साक्ष घ्यायची नसते.

पिकअपचा तळ १९६४ च्या सुरुवातीपर्यंत काळा, नंतर राखाडी. पन्नासच्या दशकातल्या काही स्ट्रॅटोकास्टरच्या पोकळीत चिकटपट्टीवर ‘मेरी’, ‘ग्लोरिया’ अशी नावं आणि तारीख लिहिलेली सापडते. वायरिंग करणाऱ्या कामगार बायांची ही नावं. अशी पट्टी दिसली तर तिला हातही लावू नका, वाळलेला डिंक केव्हाच मेलेला असतो. फोटो काढा आणि झाका.

आता रंग. लाकडाला रंग देताना बॉडी चरकासारखी फिरवता यावी आणि खाली चिकटू नये म्हणून फेंडरवाले तिला छोटे खिळे मारत आणि ते रंग वाळल्यावर उपटत. १९६४ च्या सुमारापर्यंतच्या बॉडीवर पिकगार्डखाली आणि आसपास ही भोकं सापडतात. भिंगातून बघा. खिळा रंगानंतर उपटलेला असल्यामुळे भोकाच्या आत कोरं लाकूड दिसायला हवं. आत रंग उतरलेला असेल तर रंग नंतर दिलाय. पिवळट पडलेला, केसासारख्या बारीक भेगांचा थर नायट्रोसेल्युलोजचा. १९६८ पासून पॉलिएस्टरचा जाड थर आला. स्क्रूच्या भोकाच्या कडेला तो काचेच्या तुकड्यासारखा उभा दिसतो आणि टवका उडाला तर काचेसारखाच उडतो. हेडस्टॉकचा पुढचा भाग मात्र तेव्हाही नायट्रोनेच रंगवत, कारण पॉलिएस्टर डिकॅलला सोसत नसे. त्यामुळे पुढून पिवळं हेडस्टॉक आणि मागे पांढराफटक नेक दिसला तर कुणी दोन तुकडे जोडलेत असं समजू नका.

तो कागद

आता त्या गृहस्थांची गिटार. पहिल्यांदा आली तेव्हा मी फक्त मागची प्लेट बघितली होती. नंबराआधी ‘एल’ हे अक्षर, म्हणजे १९६२ च्या अखेरपासून १९६५ पर्यंतची मालिका. नंबर सुरुवातीच्या भागातला, हेडस्टॉक छोटं. लिहून दिलं १९६३. त्या कागदावर विश्वासून एकाने ती विकत घेतली, आणि त्याने ती दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला दाखवल्यावर वाद सुरू झाला.

या वेळी मी नेक काढला. टाचेवर शिक्का: २, ऑगस्ट, ६३, बी. फिंगरबोर्ड पातळ, कमानदार. ठिपके मातकट. खरं सांगते, हायसं वाटलं. नंबर आणि नेक दोघांची साक्ष जुळली होती. तिथेच थांबावंसं वाटत होतं.

मग पिकगार्ड उचललं. पॉट तिन्ही सीटीएसची, १३७ ६६ ३३. पिकअपचे तळ राखाडी. झाळकाम धुरकट आणि अखंड, म्हणजे पॉट नंतर बदललेली नव्हती. खिळ्याचं एकही भोक नाही. आणि स्क्रूच्या कडेला तो जाड काचेसारखा थर. म्हणजे बॉडी १९६८ च्या आधीची नव्हतीच. पण नेकची भोकं चार होती, आणि १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरला तीन स्क्रूंची जोडणी आली. तेव्हा बॉडी १९६८ ते १९७१ मधली, पोटातलं वायरिंग तिचं स्वतःचं, आणि नेक प्लेटसकट १९६३ च्या दुसऱ्या कुठल्या तरी गिटारचा. नेक काढणाऱ्याने चार स्क्रूंबरोबर प्लेटही उचलली होती. लिओने सोय करूनच ठेवली होती की!

माझी चूक नंबर चुकीचा वाचल्याची नव्हती. नंबर बरोबरच होता. ज्या गिटारचा होता ती माझ्यासमोर नव्हती.

नवा कागद लिहून दिला, त्यात चार ओळी आहेत: नेक १९६३ चा, शिक्का वाचला. बॉडी १९६८ ते १९७१, रंग मूळचा. वायरिंग बॉडीबरोबरचं. प्लेट नेकबरोबर आलेली असावी. आता मी अख्ख्या गिटारचं एक साल लिहीतच नाही.

१९६५ नंतरच्या गिटारी

५ जानेवारी १९६५ या दिवशी लिओने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. आदल्या वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता, यावरून रक्कम किती मोठी ते कळावं. लिओची तब्येत तेव्हा खालावलेली होती आणि आपण फार जगत नाही असं त्याला वाटत होतं. पुढे तो बरा झाला, म्युझिक मॅन आणि जी अँड एल या कंपन्यांसाठी गिटारी घडवत राहिला आणि १९९१ पर्यंत जगला.

सीबीएसच्या काळातल्या प्लेटांवर १९६५ च्या अखेरपासून मोठा ‘एफ’ कोरलेला असतो. १९७१ ते १९८१ च्या सुमाराच्या स्ट्रॅटोकास्टरची तीन स्क्रूंची प्लेट आणि हेडस्टॉकवर बंदुकीच्या गोळीसारखं सळईचं टोक ही हमखास खूण. १९७७ मध्ये तीन जागांचा स्विच जाऊन पाच जागांचा आला. या सगळ्या काळाला सरसकट नावं ठेवायची फॅशन आहे. काही गिटारी जड आणि आळशी आहेत हे खरं, पण माझ्या हाताखालून उत्तम वाजणाऱ्याही गेल्या आहेत.

१९७६ मध्ये नंबर प्लेटवरून हेडस्टॉकच्या डिकॅलवर गेला. एस म्हणजे सत्तरचं दशक, ई ऐंशीचं, एन नव्वदचं, झेड दोन हजारचं. पुढचा आकडा सालाचा. एस ७ म्हणजे १९७७. २०१० पासून यूएस आणि सालाचे दोन आकडे. खोक्याचा नियम इथेही लागू आहे. एस ९ ची डिकॅल १९८१ पर्यंत चिकटवली गेली आणि ई ४ ची १९८७ च्या सुमारापर्यंत.

१९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झालं. जेव्ही नंबराच्या गिटारी या सुरुवातीच्या. जपानी गिटारींवर ‘ई’ अक्षरही येतं, म्हणून देशाचं नाव शोधल्याशिवाय साल बोलू नका. त्याच वर्षी अमेरिकेत १९५७ आणि १९६२ च्या मॉडेलांच्या प्रतिकृती निघाल्या, त्यांचे नंबर ‘व्ही’ने सुरू होतात. १९८५ मध्ये फेंडरचे तेव्हाचे अध्यक्ष बिल शुल्झ आणि सहकाऱ्यांनी कंपनी सीबीएसकडून १ कोटी २५ लाखांना घेतली. फुलर्टनची इमारत त्यात नव्हती, म्हणून अमेरिकेतलं काम कॅलिफोर्नियातल्याच कोरोनात गेलं. १९८७ पासून मेक्सिकोत एन्सेनाडाचा कारखाना. तिथल्या नंबरांत एमएन, एमझेड, एमएक्स अशी अक्षरं.

पुन्हा जोडताना

फोटो समोर ठेवा. पुठ्ठ्याचा तुकडा होता तिथेच ठेवून नेक बसवा. स्क्रू भोकात टाकला की आधी उलटा फिरवा. टिक् असा बारीक धक्का जाणवेल आणि स्क्रू किंचित खाली बसेल. तो जुन्या आट्यांत बसला. आता सुलटा फिरवा. हे न करता सरळ दाबून आवळलंत तर लाकडात नवे आटे पडतात आणि दोन-चार वेळा असं झालं की भोक सैल होतं. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे-थोडे आवळा. पिकगार्डचे स्क्रू बोटांच्या जोरावरच, टेकले की थांबा. तारा सुरात आणा, दोन्ही बाजूच्या तारा नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. नसतील तर स्क्रू थोडे सैल करून नेक हलकेच सरकवा आणि पुन्हा आवळा. लाकूड स्थिरावायला एक रात्र द्या आणि सकाळी पुन्हा सूर लावा.